सतरा मिनिटांचा पाठ

समाधान सोसायटीतल्या बायकांनी देवीचा पाठ सतरा मिनिटांवर आणला होता. पूर्वी त्याला पावणेतीन तास लागायचे.

हा पराक्रम माणिकताईंचा. माणिकताई टेलिफोन खात्यात सुपरवायझर होत्या. एका वेळी शंभर लोक शंभर ठिकाणी बोलत असले तरी कुणाचं काही अडत नाही, हे त्यांनी जन्मभर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बोरिवलीला राहायला आल्या त्या वर्षीच त्यांनी महिला मंडळ काढलं आणि नवरात्रात पाठ ठेवला. त्या पहिल्या पाठाला तिसऱ्या अध्यायात दोघी पेंगल्या, सातव्यात एकीच्या घरी दूध उतू गेलं, आणि तेरावा संपेपर्यंत टीव्हीवरच्या साडेसातच्या बातम्या, त्यानंतरचं नाटक, सगळं आटोपून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी माणिकताईंनी डोकं चालवलं. पोथीचे अध्याय तेरा, मंडळाच्या बायका तेरा. प्रत्येकीने एकेक अध्याय वाटून घ्यायचा आणि घंटा वाजली की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. सगळ्यांचे मिळून तेरा झाले की पाठ पूर्ण. तेरा जणी एकदम बोलल्या तर देवीला ऐकू येणार नाही असं कुणाचं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं. देवीच्या बाजूने बोलण्याइतका कुणाचाच तिच्याशी घरोबा नव्हता.

तेव्हापासून नवरात्राच्या नऊ दिवसांत नऊ घरी हा पाठ व्हायचा. तीन खोल्यांच्या घरात हॉलमध्ये पाचजणी, ओट्यापाशी तिघी, आतल्या खोलीत तिघी आणि उरलेल्या दोघी गॅलरीत नाहीतर जिन्यावर, अशी मांडणी असे. सव्वासातला दोन मिनिटं कमी असताना माणिकताई मनगटावरचं घड्याळ बघत घंटा वाजवायच्या आणि मग असा काही गलका उठायचा की खाली भाजीवाला तराजू हातात धरून वर बघत राहायचा. ओट्यापाशी असुर मरून पडलेला असायचा तेव्हा गॅलरीत देवी अजून प्रकट व्हायची असायची. आणि जिन्यावर तेराव्या अध्यायात तर भक्त वर मागून, तो पदरात पाडून, घराकडे निघालेलेही असायचे. हा तेरावा अध्याय माणिकताईंनी स्वतःकडे ठेवला होता. तो लहान होता आणि त्यात वर मिळत होता.

बाकीचे अध्याय त्यांनी जिच्या तिच्या अडचणीप्रमाणे वाटले होते, डॉक्टर गोळ्या वाटतात तसे. तळमजल्यावरच्या शेवंतीच्या नवऱ्याची गिरणी संपात गेली ती कायमचीच, म्हणून तिला सहावा. कुंदाला मूल होत नव्हतं, तिला आठवा. आठव्या अध्यायात एक असुर आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून तसाच दुसरा असुर उभा राहतो. कुंदाला दीड वर्षात जुळे झाले. ते आता चार वर्षांचे होते आणि सोसायटीत एक काच धड राहिली नव्हती. पण त्या जुळ्यांनी माणिकताईंच्या अधिकारावर शिक्कामोर्तब केलं ते केलंच.

आणि वनमालाबाईंना पाचवा. तो त्यांना तीन वर्षांपूर्वी, मुलगी अनुपमा पंचविशी ओलांडून गेली आणि दोन स्थळं परत गेली तेव्हा मिळाला. पाचवा अध्याय लग्न जमण्यासाठी, असं माणिकताईंनी ठामपणे सांगितलं. का, तर त्यात लग्नाची बोलणी आहेत असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. बोलणी होती. ती कशी होती हे सोसायटीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस म्हणजे वनमालाबाईंचे यजमान नंदकुमार.

नंदकुमार गिरगावातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. दिसायला बारीक, बोलायला त्याहून बारीक. मुद्रितात चूक दिसली तर ते ती दुरुस्त करत नसत. समासात पेन्सिलीने एक लहानसं प्रश्नचिन्ह काढत आणि निर्णय लेखकावर सोडत. दोन आणि दोन पाच असं छापून आलं असतं तरी त्यांनी प्रश्नचिन्हच काढलं असतं. न जाणो, लेखकाच्या मनात काही वेगळं असायचं. संसारही त्यांनी असाच केला. भाजीत मीठ नसलं तर ते म्हणत, 'मीठ घातलं असशीलच ना गं?'

तरुणपणी हीच संस्कृत पोथी, मराठी अर्थासकट, त्यांच्या हाताखालून छापून गेली होती. चार वेळा मुद्रितं आली होती, त्यामुळे अर्थ पाठच झाला होता. पाचव्या अध्यायात असुरांच्या राजाचा दूत देवीकडे येतो. आमच्या महाराजांकडे काय काय आहे त्याची यादी वाचतो. इंद्राचा हत्ती, इंद्राचा घोडा, स्वर्गातलं झाड, हंसांचं विमान, कुबेराचा खजिना. मग महाराजांचा निरोप सांगतो, जगातली सगळी रत्नं आमच्या घरी आहेत आणि तू बायकांमधलं रत्न आहेस, तेव्हा तूही आमच्याच घरी यायला हवंस. मला वर, नाहीतर माझ्या धाकट्या भावाला वर, पण ये. देवी मनातल्या मनात हसते. म्हणते, खरंय तुझं सगळं, पण काय करू, पूर्वी बुद्धी कमी असताना मी एक पण करून बसले आहे. लढाईत मला जिंकेल, माझ्या बरोबरीचा ठरेल, तोच माझा नवरा. दूत म्हणतो, गर्व करू नकोस, मुकाट्याने चल, नाहीतर केस धरून ओढत नेतील. देवी म्हणते, असेल बाबा, पण पण तो पण. जाऊन सांग तुझ्या मालकाला. अध्याय संपला.

म्हणजे मुलीचं लग्न जमावं म्हणून वनमालाबाई तीन वर्षं, दर शुक्रवारी एकदा आणि नवरात्रात रोज, स्थळ परत पाठवण्याचा अध्याय म्हणत होत्या. आणि स्थळं परत जात होती.

हे सांगावं असं नंदकुमारांना अनेकदा वाटलं. ते गळा साफही करत. पण बायकोचा तो उदबत्तीच्या धुरात मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा बघितला की वाटे, आपलंच काही चुकत असेल. चाळीस वर्षांपूर्वीचं मुद्रित ते. एकदा मंडळाच्या हळदीकुंकवात, बायकांच्या चपलांपाशी उभं राहून, त्यांनी माणिकताईंना भीत भीत विचारलं होतं की अर्थही कधी सांगितला तर कसं. माणिकताई म्हणाल्या होत्या, "भाऊजी, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचता आलं नाही म्हणून ताप उतरायचा राहतो का?" नंदकुमारांना यावर पुष्कळ काही सुचलं, पण ते चौथ्या दिवशी.

आणि पंच्याऐंशीच्या नवरात्रात मुलुंडचं स्थळ आलं.

मुलाचं नाव चंद्रप्रकाश. बापाचं स्वतःचं दुकान, वर मोठा फ्लॅट, एक धाकटा भाऊ. मध्यस्थ म्हणजे मुलाचे मामा जयवंतराव. त्यांनी अनुपमाला घरी बोलावून सगळं दाखवलं होतं. अनुपमा आरे कॉलनीत डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातली फॅट तपासायची. ती घर बघून परत आली. मग संध्याकाळी बापाजवळ गॅलरीत बसून म्हणाली, "बाबा, त्यांनी मला शोरूम दाखवतात तसं घर दाखवलं. शेवटी मीच म्हटलं, मला काही विचारायचंय का. तर तो चंद्रप्रकाश म्हणतो, दिवसभर दूध चाखून कंटाळा येत असेल ना? मी म्हटलं, आम्ही चाखत नाही, त्यात अ‍ॅसिड घालतो. मग तो पुन्हा फ्रिज दाखवायला लागला."

नोकरी सोडावी लागेल हे मामांनी आधीच सांगून टाकलं होतं.

वनमालाबाईंना मात्र हा सगळा पाचव्या अध्यायाचा प्रताप वाटला. तीन वर्षांनी फळ आलं होतं आणि तेही ललिता पंचमीला हातात पडणार होतं, कारण मामा त्याच संध्याकाळी होकार घ्यायला येणार होते. अनुपमा बापाला म्हणाली, आईला तुम्हीच काय ते सांगा, मी नाही म्हटलं तर ती रडेल आणि ती रडली की मी हो म्हणेन. नंदकुमार म्हणाले, बघू. 'बघू' हे त्यांचं बोलण्यातलं प्रश्नचिन्ह होतं. पंचमीचा दिवस उजाडला, मावळत आला, तरी ते बघतच होते.

त्यात पंचमीचा पाठ नेमका त्यांच्याच घरी होता.

मामा आले तेव्हा घंटा नुकतीच झाली होती. हॉलमधून पाय टाकायला जागा नव्हती. पुस्तकांतून डोकं वर न काढणाऱ्या बायकांच्या मधून वाट काढत नंदकुमारांनी त्यांना गॅलरीत आणलं, खुर्ची दिली, अनुपमाने ठेवलेला चहा पुढे केला. गॅलरीतल्या दोघींना त्या दिवसापुरतं जिन्यावर धाडलं होतं. दाराच्या आडोशाला, अगदी हातभर अंतरावर, वनमालाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांचा आवाज खणखणीत. बाकीच्या बारा जणींचा गलका मागे, नळ सोडल्यासारखा, आणि पुढे हा एक आवाज, शब्द न् शब्द सुटा.

मामांनी चहाचा घोट घेतला आणि सुरुवात केली. बसा म्हणेपर्यंतही न थांबणारा हा माणूस होता. घरात रंगीत टीव्ही आलाय, म्हणाले, आणि व्हिडिओ, तो मस्कतहून. दोनशे लिटरचा फ्रिज. स्कूटर आहेच, आता फियाटला नंबर लावलाय.

दाराआडून इंद्राचा हत्ती गेला. पाठोपाठ घोडा.

नंदकुमारांनी मान खाली घातली. मामांना वाटलं, माणूस दबला. त्यांनी आवाज चढवला. गच्चीत नारळाचं झाड ठेवलंय पिंपात, म्हणाले, बघायला लोक येतात. दाराआड स्वर्गातलं झाड आलं होतं. नंदकुमारांनी ओठ दाबून धरले आणि समोरच्या इमारतीवरच्या टाकीकडे एकटक बघायला सुरुवात केली.

"कसंय," मामा म्हणाले, "आमच्या घरात जे जे येतं ते एक नंबरी येतं. तुमची मुलगीपण एक नंबरी. मग ती दुसरीकडे जाऊन काय उपयोग? आमच्याकडेच आली पाहिजे."

इतकंही नंदकुमारांनी निभावून नेलं असतं. पस्तीस वर्षं छापखान्यात हसू आवरलेला माणूस तो. पण दाराआड दूताने नेमकं महाराजांचं आणि धाकट्या भावाचं बोलायला घेतलं, आणि त्याच क्षणी मामा पुढे झुकून विश्वासाने म्हणाले, "आणि समजा मुलीला चंद्रप्रकाश नसेल पसंत, तरी अडत नाही. धाकटा नंदकिशोर आहे की."

नंदकुमार हसले. साधंसुधं नाही. पोटातून उसळलं, नाकातून आलं, डोळ्यांतून पाणी आलं, खुर्ची करकरली. असा आवाज आपल्या नवऱ्याच्या आत आहे याची वनमालाबाईंना एकतीस वर्षांत कल्पना नव्हती. त्या वाचता वाचता थांबल्या. पाठात आजवर कुणीच थांबलं नव्हतं. सहाव्या अध्यायाची शेवंती केव्हाच संपवून बसली होती. एकेक जण संपत गेली, गलका विरत गेला, आणि शेवटी सगळ्या घरात नंदकुमारांचं हसू तेवढं उरलं. स्वतःलाच ऐकून मग तेही घाबरून थांबलं.

मामांचा चेहरा उतरला नव्हता, चढला होता. अठ्ठावीस वर्षांची मुलगी घरात ठेवून हसणारा बाप आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ते म्हणाले. आज हसताय, पण वर्षभरात तुम्हीच मुलुंडला पाय धरायला याल.

वनमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पोथी, बोट पानात अडकलेलं. त्यांनी मामांकडे पाहिलं नाही.

"अहो, कशाला हसलात?"

काही नाही, असं म्हणायला नंदकुमारांचं तोंड उघडलं होतं. जन्मभराची सवय. पण बायकोच्या पाठीमागे माणिकताई घड्याळावर बोट ठेवून उभ्या होत्या, त्यांच्या मागे दहा-बारा चेहरे, आणि सगळ्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात अनुपमा. ती बघत होती. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाकडे असं कुणी बघू नये.

"तू जे वाचते आहेस ना," ते म्हणाले, "तेच हे सांगतायत."

मग ते बोलत गेले. आधी अडखळत, मग नीट. हत्तीपासून केस ओढण्यापर्यंत सगळं. कुठेही 'असं मला वाटतं' म्हणाले नाहीत, 'बहुतेक' म्हणाले नाहीत. देवी मनात हसते तिथे ते स्वतः हसले नाहीत, फक्त जरा थांबले.

"म्हणजे आम्ही असुर काय?" मामांनी विचारलं.

"छे छे," नंदकुमार कळवळून म्हणाले. "तुम्ही फक्त दूत."

जिन्यावर कुणीतरी फिसकलं. माणिकताईंनी मागे वळून पाहिलं. मग त्यांनी सूत्रं हातात घेतली. अर्थ हा ज्याच्या त्याच्या दृष्टीचा प्रश्न आहे, म्हणाल्या, आणि बातम्या सुरू व्हायच्या बेतात आहेत, तेव्हा आरती उरकून घेऊ. पण शेवंती पुढे सरकली. तिला बातम्यांचं काही पडलं नव्हतं.

"भावजी, मगे म्हाका सांगा, सहाव्यात काय आसा?"

नंदकुमारांनी सांगितलं. दूत रिकाम्या हाताने परत गेला, म्हणून राजाने देवीला ओढून आणायला सेनापती पाठवला. तो धावून आला. देवीने नुसता हुंकार केला आणि तो जागच्या जागी जळून राख झाला.

"नुसता हूं म्हटल्यान?"

"नुसता."

शेवंतीने हातातल्या पुस्तकाकडे असं पाहिलं की जणू तीन वर्षं कपाटात पडलेलं हत्यार तिला आज सापडलं. कुंदाने आठव्याचं विचारलं नाही. ती पदराशी झोंबणाऱ्या आपल्या जुळ्यांकडे बघत होती आणि तिला थोडंफार उमगलं असावं.

वनमालाबाई मात्र अजून पोथीत बोट अडकवून दारातच उभ्या होत्या. नंदकुमार मनात म्हणाले, तीन वर्षांचे शुक्रवार, तीन वर्षांचे उपास, आपण दोन मिनिटांत मातीमोल केले. आता ही रडणार. ही रडली की पोरगी हो म्हणणार. म्हणजे सांगून आपण काय मिळवलं?

वनमालाबाईंनी पोथी उघडली, बोट होतं ते पान पाहिलं. मग मामांकडे वळल्या.

"मामा, तुमचं सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. आवाज पाठ म्हणतानाचा, तोच. "एवढं घरदार कुणाच्या नशिबी असतं. पण काय करणार. आमच्या मुलीने लहानपणी, अक्कल नसताना, एक पण करून ठेवलाय. तिच्या बरोबरीचा असेल त्याच्याशीच लग्न. चंद्रप्रकाशना म्हणावं, एकदा तिची प्रयोगशाळा बघून जा. गोरेगावहून सकाळी पावणेसहाची बस असते. तिथे दूध तपासून दाखवा म्हणावं. जमलं तर पुढचं बोलू."

मामा उठले. नवी चप्पल तेरा जोडांत शोधायला त्यांना बराच वेळ लागला आणि कुणीही मदत केली नाही.

पावणेसहाच्या बसला कुणी आलं नाही. माणिकताईंनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळ्या मजल्यांवर सांगून टाकलं की पाचव्या अध्यायाची प्रचिती आली, देवीने वाईट स्थळापासून मुलीला वाचवलं. नंदकुमारांच्या कानांवर हे आलं तेव्हा त्यांना वाटलं, असेलही. बाईचं अगदीच चूक आहे असं छातीठोकपणे कोण म्हणणार.

षष्ठीचा पाठ शेवंतीकडे होता. दोन मिनिटं कमी सव्वासातला घंटा वाजली. पहिल्या चौघींनी सुरू केलं, सहावी सोडून बाकीच्यांनीही केलं. वनमालाबाई पाचवा म्हणू लागल्या, पण पूर्वीसारख्या दौडत नाही. दूताची यादी त्यांनी सावकाश, चवीने वाचली. देवी हसते तिथे त्या थांबल्याच. बाकीच्या संपल्या तरी त्यांचं निम्मंही झालं नव्हतं. आणि शेवंती पुस्तक मिटून, पदर खोचून, गप्प बसली होती.

"शेवंते, तुझा झाला का?" माणिकताईंनी विचारलं.

"अजून दूत परत खंय गेलो," शेवंती म्हणाली. "तो गेल्याशिवाय मी सेनापती कसो पाठवू?"

माणिकताईंच्या टेलिफोन खात्यात कुणाचं बोलणं संपायची वाट कुणी कधी बघितली नव्हती. पाचवा संपला, तेव्हा शेवंतीने सहावा सुरू केला आणि त्या हुंकारापाशी आली तेव्हा तळमजल्याच्या खिडक्या थरथरल्या. ते ऐकून सातवीने आपला अध्याय पुन्हा पहिल्यापासून काढला, कारण सेनापती मेल्यावरच तिच्या अध्यायातले दोघे असुर येणार होते. त्यांच्यानंतर कुंदा. दाराबाहेर नवरे मंडळी जमली, कुणी विचारलं, आज जेवण आहे की नाही. नंदकुमार बाहेर पायरीवर बसून प्रत्येकीच्या अध्यायाचा अर्थ हळू आवाजात सांगत होते. कुणी विचारलं तर. आणि आता बहुतेक जण विचारत होते.

बातम्या झाल्या, नाटक झालं. नऊ वाजून गेले. असुर एकेक करून, आपापल्या पाळीने, मरत होते. आणि जिन्यात, तेराव्या अध्यायाच्या पानावर बोट ठेवून, माणिकताईंना सात वर्षांत पहिल्यांदाच वर मागण्यासाठी शेवटपर्यंत थांबून राहावं लागत होतं.